एमडी-पीएचडी प्रोग्रॅमचा रिव्ह्यू : नऊ वर्षं लागली, आठ पुरली असती

२०१० च्या ऑगस्टमध्ये आत शिरले आणि २०१९ च्या मे मध्ये दोन्ही डिग्र्या घेऊन बाहेर पडले. अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलचा एमडी-पीएचडी प्रोग्रॅम. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बऱ्याच माणसांनी माझ्यासाठी खूप केलंय, आणि मला जे खटकलं ते इतर ठिकाणच्या मित्रमैत्रिणींकडूनही ऐकलंय. आता रेसिडेन्सी (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग), फेलोशिप (त्यानंतरचं एका विषयातलं खास ट्रेनिंग) सगळं संपलंय, त्यामुळे जरा लांबून बघून लिहू शकते. मला सतत एकच प्रश्न विचारला जातो, "एवढी वर्षं लागायलाच हवीत का गं?" तर त्याचं उत्तर म्हणून हा रिव्ह्यू. रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ३.५. कापलेला दीड स्टार पूर्णपणे वेळेचा आहे, शिक्षणाचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडची एमडी म्हणजे आपल्याकडची एमडी नव्हे, ती पहिली डॉक्टरकीची डिग्री, आपल्या एमबीबीएसच्या जागी असलेली, फक्त ती चार वर्षांच्या कॉलेजनंतर सुरू होते. एमडी-पीएचडीमध्ये पहिली दोन वर्षं मेडिकलचा अभ्यास, मग मेडिकल सोडून लॅबमध्ये जायचं, पीएचडी पुरी करायची, आणि परत येऊन वॉर्डातली उरलेली दोन वर्षं करायची. काही कॉलेजांनी हल्ली पहिला भाग दीड वर्षावर आणलाय. फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, हा या प्रोग्रॅमचा मोठा प्लस पॉइंट, कारण माझ्या वर्गातली बाकीची मुलं डोक्यावर कर्ज घेऊनच डॉक्टर झाली. बऱ्याच ठिकाणी हा पैसा एनआयएचच्या (अमेरिकन सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) एमएसटीपी नावाच्या ग्रँटमधून येतो, १९६४ पासून चालू आहे, आता ५० हून जास्त कॉलेजांत आहे. ती ग्रँट नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते हे आधी बघून घ्या, स्टुडंट व्हिसावर असाल तर थोड्याच जागा उरतात. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून माझं जमलं.

आता हिशोब. २ अधिक ४ अधिक २, आठ वर्षं. देशभरातली सरासरीही साधारण आठच्या आसपासच आहे. मला नऊ लागली. एकच तर वर्ष, असं वाटेल, पण ते वर्ष नेमकं कुठे गेलं ते ऐका, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका वर्षातच आहे.

माझं काम किडनीच्या फायब्रोसिसवर होतं, म्हणजे इजा झालेल्या किडनीत जखमेच्या व्रणासारखा टिश्यू साठत जातो आणि किडनी हळूहळू निकामी होते, ते कोणत्या पेशींमुळे होतं आणि थांबवता येतं का. त्यासाठी उंदीर लागायचे, एका ठराविक पेशीत एक ठराविक जीन बंद केलेले. असे उंदीर तयार करून घ्यावे लागतात, दोन जातींचा संकर करून. उंदरीण साधारण तीन आठवडे गाभण राहते, पिल्लं आईपासून तोडायला आणखी तीन आठवडे, मग शेपटीचं टोक कापून जीनोटायपिंग, म्हणजे पिल्लात कोणते जीन आलेत ते तपासायचं, आणि ती पिल्लं पुढे ब्रीडिंगला लायक व्हायला सहा ते आठ आठवड्यांची व्हावी लागतात. म्हणजे एक पिढी म्हणजे तीन महिने धरा. हव्या त्या उंदरापर्यंत पोचायला किमान दोन पिढ्या. आणि शेवटच्या संकरात चारातलं एकच पिल्लू कामाचं निघतं, त्यातही अर्धे नर अर्ध्या माद्या, आणि मी नरच वापरायचे, म्हणजे सात-आठ पिल्लांच्या एका वेतातून माझ्या हाताला जेमतेम एक यायचं. जीनोटायपिंगच्या जेलवर आठ खणांतल्या एकातच हवी ती पट्टी दिसली की त्या एकाच्या पिंजऱ्याचा नंबर मी वहीत लाल पेनाने लिहायचे. अशा वह्या भरल्यात. हे सांगायचं कारण, बाहेरचे लोक म्हणतात पीएचडीवाले टंगळमंगळ करतात म्हणून वेळ लागतो, तसं नसतं हो, गाभण काळ कोणालाही कमी करता येत नाही.

म्हणूनच "पीएचडीचा भाग तीन वर्षांवर आणा" असं जे सुचवतात त्यांच्याशी माझं पटत नाही. ब्रिटनमध्ये तो साधारण तीन वर्षांचाच असतो हे खरं, पण तिकडे मुलं शाळा संपली की थेट मेडिकलला जातात, आधीची चार वर्षं कॉलेजची नसतात, तिकडच्या पीएचडीची घडणच वेगळी, कोर्सवर्क कमी आणि प्रोजेक्ट बऱ्याचदा आधीच आखलेला. फक्त आकडा उचलून इकडे आणला तर बाकीचं सगळं तिकडेच राहतं.

आणि दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. लॅबच्या दुसऱ्या वर्षात मी एका प्रोटीनच्या मागे होते. बाजारात मिळणारी अँटिबॉडी (ठराविक प्रोटीनला चिकटून ते दाखवून देणारं द्रव्य), सगळे वापरतात ती, मीही वापरत होते, इजा झालेल्या किडनीत ते प्रोटीन वाढलेलं दिसायचं, सुंदर बँड, म्हणजे पट्टी, यायचा, मी चौदा महिने त्यावर काम रचत गेले. मग माझे स्वतःचे नॉकआउट उंदीर तयार झाले, ज्यांच्यात ते प्रोटीन असायलाच नको. संध्याकाळी उशिरा ब्लॉट, म्हणजे प्रोटीनच्या त्या पट्ट्या दाखवणारी चाचणी, काढला आणि नॉकआउटच्या खणातसुद्धा तोच बँड, तितकाच ठळक. मी आधी समजले की सँपल अदलाबदल झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अँटिबॉडी दुसरंच काहीतरी पकडत होती आणि माझे चौदा महिने त्या दुसऱ्याच कशाचे तरी होते. त्या रात्री घरी गेले नाही, फ्रीजरसमोर बसून जुने सगळे ब्लॉट काढून बघत राहिले. तीन वर्षांची डेडलाइन असती तर मी काय केलं असतं हे मला माहितीये, ते नॉकआउट बनवलेच नसते, आहे त्यावर थिसीस लिहून मोकळी झाले असते, आणि चुकीचं लिहिलं असतं.

त्या चुकीची किंमत पुढे मला परत मिळाली. रेसिडेन्सीत एका पेशंटचं पोटॅशियम ६.८ आलं, म्हणजे हृदय थांबू शकेल इतकं, रात्री दोनला, सगळ्यांची धावपळ सुरू. पण ईसीजी नॉर्मल, पेशंट शांत बसून पाणी पितोय, आणि रिपोर्टमध्ये वरती प्लेटलेट्स प्रचंड वाढलेल्या. रक्त ट्यूबमध्ये गोठताना प्लेटलेट्समधून पोटॅशियम बाहेर पडतं आणि आकडा खोटा वर जातो, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. मी न गोठू दिलेल्या रक्ताचं सँपल ताबडतोब पाठवायला लावलं आणि ते येईपर्यंत मॉनिटरसमोरून हलले नाही. ४.४ आलं, नॉर्मल. रात्री दोनला आलेल्या आकड्याला "तू खरंच तेच मोजतोयस का" असं विचारायची सवय मला त्या ब्लॉटने लावली. ही सवय लागायला वेळ लागतो, म्हणून पीएचडीची चार वर्षं मी पूर्ण मार्कांनी पास करते. तिथे एकही स्टार कापत नाही.

मग नववं वर्ष कुठे गेलं? तर कॅलेंडरमध्ये.

माझा डिफेन्स, म्हणजे कमिटीसमोरची थिसीसची तोंडी परीक्षा, मार्च २०१६ ला ठरवला होता. आमच्या कॉलेजात लॅबमधून वॉर्डात परत यायला वर्षातून एकच दार उघडायचं, मे च्या सुरुवातीला. मार्चला डिफेन्स, मे ला वॉर्ड, २०१८ ला डिग्री, असं सगळं जुळत होतं. पेपर ऑक्टोबरमध्ये जर्नलला पाठवला होता, जानेवारीत रिव्ह्यूअरची, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांची, उत्तरं आली. एकाने म्हटलं की हेच सगळं मादी उंदरांतही दाखवा. मागणी योग्य होती, मी स्वतः रिव्ह्यूअर असते तर मीही तेच मागितलं असतं. पण माद्या वाढवायच्या, आठ आठवड्यांच्या होऊ द्यायच्या, मग इजा द्यायची, मग चार आठवडे थांबायचं, मग मोजायचं. जुलै उजाडला. माझे पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, म्हणाले पेपर स्वीकारला जाईपर्यंत डिफेन्स नको, कमिटीने मान डोलावली, मेडिकल स्कूलच्या ऑफिसने म्हटलं लॅबचं तुमचं तुम्ही बघा, आणि लॅबवाल्यांना मे चं ते दार वर्षातून एकदाच उघडतं हे कोणी कधी नीट सांगितलेलंच नव्हतं. डिफेन्स झाला ऑगस्ट २०१६ ला. दार बंद. मी विचारलं की ऑक्टोबरमधल्या रोटेशनला, म्हणजे वॉर्डातल्या पाळीला, घ्याल का, तर सर्जरी आणि मेडिसिनच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. पुढचं दार मे २०१७.

ते नऊ महिने मी लॅबमध्येच बसून काढले. स्टायपेंड चालू होता, कोणी वाईट वागलं नाही, नव्या मुलाला उंदीर कसे धरायचे ते शिकवलं, कोणाचे आलेख काढून दिले. पण शिकले काय, तर काही नाही. पाच महिन्यांचा उशीर आणि भुर्दंड एक अख्ख्या वर्षाचा. आणि पुढचा रस्ताही सगळा वर्षावरच चालतो ना, रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरमध्ये, मॅच, म्हणजे कोणाला कुठली रेसिडेन्सी त्याचा निकाल, मार्चमध्ये, काम सुरू जुलैमध्ये, मध्ये कुठे शिरायची सोयच नाही. कितीतरी प्रोग्रॅममध्ये परत यायला वर्षातून तीन-चार वेळा घेतात. एवढा एक नियम बदलला तर कोणाचंही विज्ञान कमी न करता कितीजणांचं वर्ष वाचेल. मी प्रोग्रॅमला सोडताना लेखी दिलं होतं, परत लिहिते.

आता परत आल्यावरचं. २०१७ च्या मे मध्ये पहिला दिवस, मेडिसिन वॉर्ड, सकाळी सहाच्या आधी एका आजींना तपासत होते. पायांना सूज, दम लागत होता. स्टेथोस्कोप पाठीला लावला आणि मला खात्रीच वाटेना की ऐकू येतंय ते क्रॅकल्स (फुप्फुसात पाणी साठल्याचा आवाज) आहेत की गाऊनची सळसळ. गाऊन बाजूला केला, पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. आजी म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना?" किडनीतल्या कोणत्या पेशीत कोणता सिग्नल जातो यावर मी दोनशे पानं लिहिली होती आणि त्यांना फ्युरोसेमाइड, म्हणजे अंगातलं पाणी उतरवायचं औषध, किती द्यायचं ते मला सांगता येत नव्हतं. जुलैमध्ये अशाच एका पेशंटसाठी नेफ्रोलॉजीचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा, सल्ला मागवला, तर आला तो नवा फेलो २०१० ला माझ्याच डिसेक्शन टेबलवर होता. एकाच मृतदेहावर आम्ही दोघं किडनी शोधायला शिकलो. तो मधल्या काळात डॉक्टर झाला, रेसिडेन्सी संपवली, आणि मी अजून विद्यार्थ्यांच्या आखूड कोटात. तो फार प्रेमाने वागला, बाजूला घेऊन डोसचं सगळं गणित समजावलं. पण मला त्या दिवशी रडू आलं.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. लॅबच्या वर्षांत आठवड्याला किंवा पंधरा दिवसाला अर्धा दिवस क्लिनिक, काही ठिकाणी असतंच. आमच्याकडे ते ऐच्छिक होतं, मी पहिल्या वर्षी गेले, मग उंदरांच्या वेळापत्रकात ते सुटलं आणि मी सोडलंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते सक्तीचं करा, कृपा करून. परत आल्यावरचे पहिले दोन-तीन महिने वाचतील आणि पेशंटचंही भलं होईल.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. यूएसएमएलईची (तिकडच्या डॉक्टरकीच्या लायसन्सची तीन पायऱ्यांची परीक्षा) पहिली पायरी आपण दुसऱ्या वर्षानंतर देतो, मी २०१२ ला दिली. तिसरी पायरी रेसिडेन्सीत. आणि बऱ्याच राज्यांच्या लायसन्स बोर्डांची अट असते की तिन्ही पायऱ्या सात वर्षांत संपवा. माझी सात वर्षं रेसिडेन्सी सुरू व्हायच्या आतच संपली! एमडी-पीएचडीवाल्यांना अनेक बोर्ड सवलत देतात, मलाही मिळाली, पण प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, त्यामुळे रेसिडेन्सीचं राज्य निवडायच्या आधी हे तपासा.

"पूर्वी लोक एवढी वर्षं न घालवता मोठे शास्त्रज्ञ झालेच की" हे पण नेहमी ऐकू येतं. झाले. ब्राउन, गोल्डस्टाइन, लेफकोविट्झ, व्हार्मस, चौघेही १९६६ ला एमडी झाले, १९६८ ला चौघेही एनआयएचमध्ये होते, दोन-तीन वर्षं तिथल्या लॅबमध्ये शिकले, आणि चौघांनाही पुढे नोबेल मिळालं, पीएचडी एकाकडेही नाही. हे उदाहरण मलाही फार आवडतं. पण तेव्हा व्हिएतनाम युद्धामुळे डॉक्टरांनाही सक्तीची सैन्यभरती होती, एनआयएचमधली नोकरी हा त्याला पर्याय होता, त्यामुळे देशातली निवडक हुशार मुलं एका जागी गोळा झाली होती. आणि तेव्हाच्या एका पेपरला लागायचा तेवढा डेटा आज एका आकृतीत मागतात. दुसऱ्या बाजूला फेरिद मुराद, केस वेस्टर्नमध्ये १९५६ ला सुरू झालेल्या अगदी सुरुवातीच्या एकत्रित प्रोग्रॅममधले, १९६५ ला दोन्ही डिग्र्या आणि १९९८ ला नोबेल. २०२३ चं नोबेल मिळालेले ड्रू वाइसमन यांनीही एमडी आणि पीएचडी दोन्ही केलंय, १९८७ ला, बोस्टन युनिव्हर्सिटीतून. दोन्ही रस्त्यांनी माणसं पोचलीयेत, त्यामुळे नोबेलवरून वर्षं ठरवता येणार नाहीत असं माझं मत.

वर्षं ठरवायची तर पुढचं बघून ठरवा. डिग्रीनंतर मी रेसिडेन्सी आणि फेलोशिप एकत्र असलेला रिसर्चचा मार्ग घेतला, मेडिसिनची तीनऐवजी दोन वर्षं, मग नेफ्रोलॉजी, मग तीन वर्षं मुख्यतः लॅब. एकूण सहा. तेविसाव्या वर्षी सुरू केलं आणि अडतिसाव्या वर्षी संपलं. २०१४ च्या एनआयएचच्या अहवालात एमडी-पीएचडीवाल्यांना स्वतःची पहिली मोठी ग्रँट मिळण्याचं वय ४४ च्या आसपास दिलंय. म्हणजे डिग्रीची आठ वर्षं हा अर्धाच प्रवास. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पीएचडीनंतर लगेच पाच वर्षं आपण लॅबपासून लांब जातो, दोन वॉर्डाची, दोन रेसिडेन्सीची, एक नेफ्रोलॉजीचं. मी परत पिपेट हातात घेतलं तेव्हा जीन एडिटिंगची पद्धत पार बदललेली होती. माझ्या ज्या संकराला दीड वर्ष लागलं तसलं काम लोक बरंच लवकर करत होते. म्हणून वर्षं कापायचीच असतील तर ती इथे कापा, डिग्रीनंतरच्या ट्रेनिंगमध्ये, जिथे तेच तेच दोनदा शिकवलं जातं.

माझी मुलगी लॅबच्या चौथ्या वर्षी झाली. सहा आठवडे सुट्टी घेतली, लॅबने सांभाळून घेतलं, उंदीर मैत्रिणीने बघितले. ते वर्ष लांबण्याचं कारण तिला कोणी धरू नये म्हणून मुद्दाम लिहितेय, काही लोकांनी तोंडावर तसं म्हटलं होतं.

तर कोणी घ्यावा हा प्रोग्रॅम? ज्यांना लॅबमध्ये काम करायचंच आहे, नुसती फी माफ म्हणून नाही. फी वाचते पण डॉक्टर म्हणून कमाईची चार-पाच वर्षं पुढे ढकलली जातात, त्या हिशोबाने फायदा बहुतेक उरत नाही. आणि इंटरव्ह्यूला गेलात की चकाचक लॅबा बघून भारावून जाऊ नका, सरळ विचारा : मागच्या पाच वर्षांत किती जणांना आठपेक्षा जास्त लागली आणि का? वॉर्डात परत यायला वर्षातून किती वेळा घेता? डिफेन्ससाठी पेपर छापून यायलाच हवा का, की पाठवलेला चालतो? थिसीस कमिटीत प्रोग्रॅमचा माणूस बसतो का, आणि तिसऱ्या वर्षी कमिटी "एवढं झालं की पुरे" असं कागदावर लिहून देते का? शेवटच्या प्रश्नाला डायरेक्टर जर म्हणाले की ते पीआयवर अवलंबून आहे, तर त्यांना थांबवा आणि विचारा की मग घड्याळ कोणाच्या हातात आहे. आमच्याकडे ते कोणाच्याच हातात नव्हतं.

रेटिंग पुन्हा. पहिली दोन वर्षं ४, लॅबची चार वर्षं ५, लॅबचे शेवटचे नऊ महिने १, वॉर्डातली परतीची दोन वर्षं ३. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मे चं एकच दार अजून तसंच आहे असं सध्याच्या एका विद्यार्थिनीने मागच्या महिन्यात सांगितलं, तिचा डिफेन्स एप्रिलमध्ये आहे आणि पेपर अजून रिव्ह्यूअरकडे. मी तिच्या कमिटीला पत्र लिहिलंय. दार बदललं तर इथे येऊन एक स्टार वाढवेन.